युद्धात पडलेलं शहर पुन्हा उभारताना हवामान-तटस्थतेचा आग्रह धरावा का?

खोपटकर (धागालेखक)

नमस्कार मंडळी. मी संरचना अभियंता आहे, ठाण्यातल्या जुन्या इमारतींचं परीक्षण करतो. बरेच दिवस युक्रेनच्या शहरांबद्दल वाचतोय आणि एक मत तयार झालंय. ते मांडतो. पटलं नाही तर सरळ खोडा.

एप्रिल २०२२ मध्ये युरोपीय संघाने ११२ शहरं निवडली, १०० संघातली आणि १२ बाहेरची. त्यांनी २०३० पर्यंत हवामान-तटस्थ (म्हणजे जेवढा कर्बवायू सोडतो तेवढाच शोषला जाईल असं) आणि स्मार्ट व्हायचं आणि बाकीच्यांना वाट दाखवायची. युक्रेनवर हल्ला होऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. जूनमध्ये युक्रेनही 'होरायझन युरोप' या संशोधन कार्यक्रमात आला. पडलेल्या शहरांनी याच दिशेने उभं राहावं आणि बाहेरच्या शहरांनी त्यांना हात द्यावा, हा विचार तिथून जोर धरू लागला. खर्च किती? जागतिक बँक, संयुक्त राष्ट्रं, युरोपीय आयोग आणि युक्रेन सरकार यांचा फेब्रुवारी २०२५ चा अंदाज आहे ५२४ अब्ज डॉलर, दहा वर्षांत.

डोक्यावर छप्पर नाही आणि कसली हवामान-तटस्थता, असं बरेच जण म्हणतात. मला उलट वाटतं. सोव्हिएत काळातल्या शहरांत घरं गरम ठेवायची पद्धत बघा. एका प्रचंड केंद्रात वीज आणि गरम पाणी दोन्ही तयार होतं आणि जाड नळांतून ते पाणी हजारो घरांत फिरतं. शांततेत ही व्यवस्था चांगली. युद्धात ते केंद्र पडलं की अख्खा विभाग कडाक्याच्या थंडीत गारठतो. मार्च २०२४ मध्ये युक्रेनच्या ईशान्येकडच्या खार्किव शहराच्या आसपासची मोठी केंद्रं क्षेपणास्त्रांनी निकामी केली. त्याऐवजी गच्चीवर सौर पॅनेल, दवाखान्याला स्वतःचा उष्णता पंप (बाहेरच्या हवेतली किंवा जमिनीतली उष्णता विजेने आत आणणारं यंत्र), भिंतींना जाड निरोधन (इन्सुलेशन), विभागवार छोटी केंद्रं असतील तर एका फटक्यात शहर बंद पडत नाही. ज्या गोष्टींनी कर्बवायू कमी होतो, त्याच गोष्टी तिथे माणसं जगवतात. म्हणून आग्रह धरावा असं मला वाटतं.

दोन प्रश्न: हा आग्रह बाहेरच्यांनी किती धरावा? आणि ठाणे-नवी मुंबईत बसलेल्या आपल्याकडे यात देण्यासारखं काही आहे का?

---

जहाजी_सीवूड्स

चांगला विषय, खोपटकर. मर्चंट नेव्हीत इंजिनिअर म्हणून युद्धाआधी दक्षिण युक्रेनमधल्या मिकोलायिवला गेलोय. धान्याची मोठी बंदरं, जुने जहाज कारखाने, संध्याकाळी नदीकाठी फिरणारी कुटुंबं. आपला या शहराशी संबंध आहे हे फार जणांना माहीत नसतं. आपली विमानवाहू नौका 'आयएनएस विक्रमादित्य' मुळात 'बाकू' म्हणून तिथल्याच कारखान्यात बांधली गेली. आपल्या तलवार वर्गाच्या फ्रिगेटची गॅस टर्बाइनही मिकोलायिवच्या झोर्या-माशप्रोएक्ट या कंपनीची.

एप्रिल २०२२ मध्ये नीपर नदीवरून शहराला येणारी पाण्याची मुख्य वाहिनी फुटली. त्यानंतर लोकांच्या नळाला फार काळ खारट पाणी होतं. प्यायला नाही आणि कपडे धुवायलाही धड नाही. खाऱ्या पाण्याने लोखंडी नळाचं काय होतं हे इंजिनरूममधल्या माणसाला सांगावं लागत नाही. शहराच्या पोटातली जलवाहिन्यांची जाळीच गंजली.

डेन्मार्कने हे शहर आणि तो प्रांत पालकत्वासारखा घेतलाय. एक देश, एक प्रांत, वर्षानुवर्षं तेच लोक. मला ही पद्धत फार पटते. पन्नास देशांनी पन्नास ठिकाणी फीत कापण्यापेक्षा हे बरं.

---

अनघा_कळवा

माझी मुलगी खार्किवला मेडिकलला होती. फेब्रुवारी-मार्च २०२२ मध्ये तिच्यासारखी हजारो मुलं ऑपरेशन गंगामधून परत आली. त्याआधी ती मुलं मेट्रो स्टेशनात झोपत होती. त्या दिवसांबद्दल इथे जास्त लिहवत नाही.

खोपटकरदादा, तुमचं गणित बरोबर असेल, पण क्रम चुकतोय असं मला वाटतं. मुलीला शिकवणाऱ्या एक बाई खार्किवच्या साल्तिव्का भागात राहतात. साल्तिव्का म्हणजे काँक्रीटचे तयार पॅनेल जोडून बांधलेल्या उंच इमारतींची मोठी वसाहत, उत्तरेकडचा भाग गोळीबारात सगळ्यात जास्त भाजला. त्यांच्या जिन्यातल्या खिडक्यांना किती तरी दिवस प्लायवुड मारलेलं होतं. त्या माणसाला निरोधनाची जाडी आणि २०३० चं उद्दिष्ट सांगायचं? आधी काच द्या, दार द्या, शाळा द्या. बाकी मग.

---

कोपरी_कट्टा

+१ अनघाताई. छप्पर आधी.

---

खोपटकर

अनघाताई, तुमच्या मुलीने काय सोसलं असेल याची कल्पना येते. ती सुखरूप परतली हे वाचून बरं वाटलं.

क्रमाबद्दल मात्र थोडं बोलतो. काच द्यायचीच आहे ना? मग एकेरी द्यायची की दुहेरी, एवढाच प्रश्न उरतो. पडलेली भिंत उभारायची आहे, तर तिच्यात निरोधन आत्ताच घालायचं की दहा वर्षांनी पुन्हा परांची बांधून? दुसऱ्यांदा करायला मजुरी दुप्पट, आणि मधल्या सगळ्या हिवाळ्यांत गॅस जळतो तो वेगळाच.

वॉर्सातल्या एका संस्थेचं काम मला यात फार मोलाचं वाटतं. पोलंडमध्ये इमारतींची दुरुस्ती होताना चांगल्या स्थितीतल्या जुन्या खिडक्या काढून टाकतात. ते लोक या खिडक्या गोळा करून युक्रेनला पाठवतात. नवीन काच बनवायला भट्टी नाही, ऊर्जा नाही, आणि प्लायवुडच्या जागी या हिवाळ्यातच खिडकी बसते. छप्पर आणि हवामान यांत भांडण लागतच नाही.

---

शेतकरी_९५_गावं

मी नवी मुंबईतल्या मूळ गावातला. माझा मुद्दा काचेचा नाही, नकाशाचा आहे.

१९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवं शहर मांडलं. कल्पना मोठी होती, हेतूही चांगला होता. १९७० मध्ये ते वसवायला सिडको ही सरकारी कंपनी आली. पण ज्या जमिनीवर ते शहर आखलं तिथे ९५ गावं होती, भातशेती होती, मिठागरं होती, मासेमारी होती. त्या माणसांना आराखड्यात जागा मिळायला आंदोलनं करावी लागली. जानेवारी १९८४ मध्ये जासई-नवघर परिसरात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. दि. बा. पाटील साहेबांच्या नेतृत्वाखाली लढा झाला म्हणून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत द्यायचं तत्त्व आलं.

म्हणून विचारतो, खार्किवचा, मिकोलायिवचा आराखडा कोण काढतंय? बाहेरच्या माणसाला पडलेलं शहर रिकामं दिसतं. ते रिकामं नसतं. ढिगाऱ्याखालच्या प्रत्येक चौरस मीटरला मालक आहे, भाडेकरू आहे, आणि तो आत्ता पोलंडमध्ये नाही तर जर्मनीत आहे. त्याचं मत कोणी घेतलं?

---

येऊरची_सावली

शेतकरीदादांचा मुद्दा या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा. मी नगररचना शिकवते, दोन उदाहरणं देते.

लेबनॉनचं बैरूत. यादवी संपल्यावर १९९४ मध्ये 'सॉलिदेर' कंपनी काढून शहराचा मध्यभाग तिच्या हाती दिला. जुन्या मालकांना जागेच्या बदल्यात कंपनीचे शेअर मिळाले. दगडी इमारती देखण्या झाल्या, पण तिथे पिढ्यान्‌पिढ्या दुकानं थाटलेली माणसं परत आलीच नाहीत.

सीरिया. २०१८ चा कायदा क्रमांक १०. पुनर्बांधणीचा विभाग जाहीर झाला की मालकांनी ३० दिवसांत हक्काचे पुरावे द्यायचे. निर्वासित छावणीतला माणूस तीस दिवसांत दमास्कसला कागद घेऊन कसा जाणार? जगभर ओरड झाल्यावर मुदत एक वर्षाची केली.

आता खार्किव. ब्रिटिश वास्तुविशारद नॉर्मन फॉस्टर यांनी एप्रिल २०२२ मध्येच तिथल्या महापौरांशी बोलून आराखड्याचं काम अंगावर घेतलं, संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या मदतीने. मिकोलायिवचा आराखडा मिलानच्या एका संस्थेने केला. दोन्हीकडे स्थानिक लोक सोबत आहेत, हे नोंदवायला हवं. तरी युक्रेनच्या काही वास्तुविशारदांनी रास्त प्रश्न केला: आमच्याकडे एवढे शिकलेले लोक असताना शहराचं चित्र आधी बाहेर का रंगतं? या प्रश्नाला 'आम्ही फुकट करतोय' हे उत्तर पुरत नाही.

---

विजया_घणसोली

माझं माहेर उमरग्याकडचं. ३० सप्टेंबर १९९३ ची, किल्लारीच्या भूकंपाची पहाट आमच्या घरात आजही कोणी मोठ्याने आठवत नाही. ते युद्ध नव्हतं, पण गाव भुईसपाट झाल्यावर काय होतं ते आम्ही पाहिलं.

जागतिक बँकेचं कर्ज आलं, देशभरातून मदत आली, सगळं मनापासून. लातूर-धाराशिवमधली पन्नासहून जास्त गावं नव्या जागी वसवली. घरं भूकंपाला टिकतील अशी, यात शंका नाही. पण सरळ रस्ते, एकसारखे चौकोनी भूखंड, घरं लांब लांब. जनावरं कुठे बांधायची? म्हाताऱ्या बायकांनी सावलीत कुठे बसायचं? लोकांनी नंतर हळूहळू पत्रे टाकले, आडोसे केले, ओटे बांधले, तेव्हा कुठे ती गावं वाटायला लागली.

ज्या गावांत कमी पडझड होती तिथे मात्र मालकांच्या हातात पैसे आणि जोडीला अभियंता दिला. ती घरं त्यांनी स्वतः उभी राहून बांधून घेतली. त्या घरांबद्दल तक्रार कमी ऐकू येते. माझ्या मते हरित असो वा नसो, मालक जागेवर उभा असला पाहिजे.

---

जहाजी_सीवूड्स

विजयाताईंना दुजोरा. भारताने स्वतः हे परदेशात केलंय. श्रीलंकेतल्या युद्धानंतर ५० हजार घरांची योजना २०१० मध्ये जाहीर झाली, बहुतेक घरं उत्तर आणि पूर्व प्रांतांत. कंत्राटदाराला एकगठ्ठा काम देण्याऐवजी मोठ्या भागात साडेपाच लाख श्रीलंकन रुपये टप्प्याटप्प्याने थेट कुटुंबाच्या बँक खात्यात. पाया झाला की एक हप्ता, भिंती झाल्या की पुढचा. जाफनाकडची माणसं त्या घरांना आपलं म्हणतात. खोपटकर, आपल्याकडे देण्यासारखं काय, हे तुम्ही विचारलंत. मला वाटतं हे.

---

पाचपाखाडी_आजोबा

धागा इतका रंगलाय की बायकोने चहा दोनदा गरम करून दिला, तरी गारच प्यायलो.

अवांतर लिहितो, पण विषय सोडून नाही. नवी मुंबईतले धारण तलाव डच पद्धतीचे. शहराचा बराच भाग भरतीच्या पातळीजवळ. भरती आली की झडपा बंद होतात, पावसाचं पाणी तलावात साठतं, ओहोटीला झडपा उघडून खाडीत जातं. पंप कमीत कमी. परदेशी तंत्र इथे उत्तम बसलं. पण तलावांत गाळ साचला, खारफुटी वाढली, ती काढायची तर परवानग्या. परदेशातून तंत्र येतं, देखभालीची माणसं इथेच तयार करावी लागतात. उष्णता पंपाचंही हेच होणार. बिघडला तर मिकोलायिवमध्ये दुरुस्त करणारा फिटर आहे का, हे आधी बघावं.

---

कोपरी_कट्टा

आजोबा, चहाबद्दल आजींची बाजूही ऐकायला आवडेल :)

---

राडारोडा

माझ्या टोपणनावामुळे या धाग्यावर यावंच लागलं. मी बांधकामाच्या राडारोड्यावर प्रक्रिया करणाऱ्या धंद्यात आहे.

कोणी ढिगाऱ्याबद्दल बोलत नाहीये, आणि हवामानाचा सगळ्यात मोठा हिशोब तिथे आहे. सिमेंट उद्योग जगातल्या कर्बवायूच्या साधारण ७ ते ८ टक्के वायू सोडतो. एक शहर नव्या सिमेंटने उभं केलं आणि वर सौर पॅनेल लावली, तर ते ऋण फिटायला कित्येक वर्षं लागतात. म्हणून पहिला नियम: जी इमारत वाचवता येते ती पाडू नका. साल्तिव्कासारख्या पॅनेलच्या इमारतींत एक कोपरा उडाला तरी बाकीचा सांगाडा बऱ्याचदा शाबूत असतो. पूर्व जर्मनीत अशा कित्येक इमारती पाडण्याऐवजी बाहेरून निरोधन चढवून राहत्या ठेवल्यात.

दुसरा नियम: जे पडलंय ते वापरा. वॉर्सात घेट्टोच्या (नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीच्या) जागी मुरानुव ही वसाहत उभी राहिली ती तिथल्याच ढिगाऱ्यावर, आणि तोच चुरा सिमेंटमध्ये मिसळून केलेल्या ठोकळ्यांनी. १९४० च्या दशकात, हातात काही नसताना. गाझात तर ५ कोटी टनांहून जास्त राडारोडा असल्याचा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. तो हलवल्याशिवाय तिथे कुठल्याच आराखड्याला अर्थ नाही.

पण हे वाटतं तितकं सोपं नाही. त्यात न फुटलेले बॉम्ब असतात. माणसांचे अवशेष असतात, त्यांना मान देऊनच काम करावं लागतं. आणि जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं. युक्रेनमधल्या खेड्यांत घरोघरी तेच पत्रे. ते मशीनमध्ये भरडले तर धूळ फुफ्फुसात. आधी वेगळं करायचं, ओलं ठेवायचं, बंद पिशव्यांत भरायचं. आपल्याकडे रात्री डंपर खाडीकिनारी खारफुटीवर राडारोडा ओतून जातात. ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे आणि तरी हे थांबत नाही, याचा मला फार राग येतो. आपल्या घरचा ढिगारा नीट हाताळायला शिकलो तर दुसऱ्याला सांगायचा अधिकार येईल.

---

ऐरोलीचा_संगणक

'स्मार्ट' या शब्दावर अजून कोणी आलं नाही म्हणून लिहितो. मी सायबर सुरक्षेत काम करतो.

जानेवारी २०२४, पश्चिम युक्रेनमधलं ल्विव. कडक थंडीत ६०० हून अधिक इमारतींचं हीटिंग जवळजवळ दोन दिवस बंद. क्षेपणास्त्र नाही, एक मालवेअर, म्हणजे घातपाती सॉफ्टवेअर. तापमान नियंत्रकांना खोटे आकडे गेले आणि रेडिएटरमध्ये गार पाणी फिरलं. त्याच्या आधीच्या महिन्यात कीवस्टार या मोबाइल कंपनीवर हल्ला झाला, कोट्यवधी लोकांचे फोन बंद. तेव्हा खोपटकर, तुमची विभागवार छोटी केंद्रं मान्य, पण सगळी एकाच सॉफ्टवेअरला जोडलीत तर तुम्ही पुन्हा एकच मोठं केंद्र बांधलंत. प्रत्येक केंद्र हाताने चालवता आलं पाहिजे. चाक, झडप, माणूस.

स्मार्टची चांगली बाजू वेगळीच आहे. युक्रेनची 'प्रोझोरो' ही सरकारी खरेदीची खुली प्रणाली २०१६ पासून सक्तीची आहे. पुनर्बांधणीसाठी 'ड्रीम' नावाचं व्यासपीठ केलंय, कुठल्या शाळेला किती पैसे, काम कुठवर, कोणीही बघू शकतं. घराचं नुकसान झालं तर 'दिया' या सरकारी ॲपवरून भरपाईचा अर्ज करता येतो, परदेशातूनही. येऊरताईंनी सीरियाच्या ३० दिवसांचं सांगितलं. त्याच्यावरचा उतारा हाच. दिव्याच्या खांबावर सेन्सर नसला तरी चालेल, पण मालकी हक्काची नोंद पक्की हवी.

---

शेतकरी_९५_गावं

हे मला माहीत नव्हतं. परदेशात बसलेल्या माणसाला अर्ज करता येतो, ही मोठी गोष्ट आहे. पण अर्ज भरपाईचा. आराखड्यावर हरकत घ्यायची सोय आहे का?

---

येऊरची_सावली

ठिकठिकाणी ऑनलाइन सुनावण्या होतात, पण सगळीकडे सारख्या नाहीत. आणि युद्ध चालू असताना काही भागांचे नकाशे सुरक्षेसाठी उघड करता येत नाहीत, ही खरी अडचण आहे. जिथे वीजकेंद्र येणार तो बिंदू जाहीर कसा करायचा? लोकांचा सहभाग आणि गुप्तता यांची ही ओढाताण आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत कुठेच शिकवत नाहीत.

बाहेरून मदत आणि तरी आपलेपण, याचं एक उदाहरण तिथलंच आहे. चेर्नोबिलनंतर प्रिप्यात रिकामं झालं, तेव्हा स्लावुतिच हे नवं शहर बांधलं. आठ सोव्हिएत प्रजासत्ताकांतून वास्तुविशारद आणि कामगार आले आणि प्रत्येकाने आपापल्या शैलीत एकेक मोहल्ला उभारला. येरेवान मोहल्ला, टालिन मोहल्ला, बाकू मोहल्ला. १९८८ पासून लोक राहायला गेले. घरं वेगवेगळ्या हातांची, पण शाळा आणि खेळायच्या जागा जवळ.

---

अनघा_कळवा

मुलीने काल त्या बाईंना थेट विचारलं. थोडक्यात सांगते.

त्या म्हणाल्या, हवामानाबद्दल मला आक्षेप नाही, गॅसचं बिल कमी आलं तर कोणाला नको? पण शाळा जमिनीखाली का आहे ते आधी समजून घ्या. खार्किवमध्ये २०२३ पासून मेट्रो स्टेशनांत वर्ग भरतात, २०२४ मध्ये खास जमिनीखाली बांधलेली पहिली शाळा सुरू झाली. तिथे हवा खेळती ठेवायला आणि दिवे चालू ठेवायला वीज हवी, ती गेली की मुलांना घरी सोडावं लागतं. त्यांना आधी हवी आहे ती शाळेला न थांबणारी वीज. मग ट्रॉलीबस (वरच्या तारांतल्या विजेवर चालणारी बस). मग खिडक्या. घर दुरुस्त झालं आणि आजूबाजूला शाळा-बस नसेल तर तरुण कुटुंबं परत येणार नाहीत, आणि तरुण नसतील तर शहर कोणासाठी, असं त्या म्हणाल्या.

मुलीला हे सांगताना रडू आलं, आणि मलाही.

---

पाचपाखाडी_आजोबा

ट्रॉलीबसवरून आठवलं. हिरोशिमात बॉम्ब पडल्यावर तिसऱ्या दिवशी, ९ ऑगस्ट १९४५ ला, एका छोट्या टप्प्यावर ट्राम पुन्हा सुरू केली होती. शहर हलतंय हे लोकांना आधी दिसायला लागतं.

---

खोपटकर

सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्नाकडे येतो.

आग्रह धरावा, हे माझं मत कायम आहे. पण अनघाताईंच्या बाईंनी दिलेला क्रम माझ्या यादीपेक्षा उपयोगाचा आहे: शाळेची वीज, बस, खिडकी. तिन्ही कमी कर्बवायूत करता येतात. शाळेच्या गच्चीवर किंवा शेजारच्या मोकळ्या जागेत सौर पॅनेल आणि बॅटरी, विजेवरची बस, वाचवलेली खिडकी. म्हणजे काय आधी हे तिथल्या शिक्षिकेने ठरवायचं, आणि ते करताना धूर कमी कसा निघेल हे बाहेरच्या अभियंत्याने बघायचं. मदत देणाऱ्याच्या अटी 'कसं' पर्यंतच असाव्यात.

आणि आपण काय देऊ शकतो? राडारोडा, तुम्ही ॲस्बेस्टॉस वेगळं करण्याची पद्धत सविस्तर लिहाल का? ठाण्यातल्या आम्हा संरचना अभियंत्यांकडे अर्धवट पडझड झालेली इमारत वाचवता येईल की नाही हे तपासण्याचा चांगला अनुभव आहे. हातोडा मारून, अल्ट्रासोनिक लावून, गाभा काढून आम्ही रोज हेच करतो. तिथल्या तरुण अभियंत्यांसाठी ऑनलाइन वर्ग घ्यायला मी तयार आहे. आणखी कोण?

---

राडारोडा

लिहितो, चित्रांसकट. रविवारपर्यंत वेळ द्या. वेगळा धागा काढतो म्हणजे शोधायला सोपं जाईल.

---

विजया_घणसोली

माझे काका किल्लारीच्या कामावर सरकारी अभियंता होते. मालकांसोबत घर बांधताना हप्त्यांची तपासणी कशी करायचे त्याच्या वह्या त्यांनी जपून ठेवल्यात. विचारून बघते.

---

अनघा_कळवा

वर्ग झाला तर मुलगी रशियन भाषांतर करेल, युक्रेनियनही आता शिकतेय. मात्र तिथल्या वेळेनुसार ठेवा. हिवाळ्यात ते आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतात आणि संध्याकाळी त्यांच्याकडे वीज जाते, म्हणून आपली दुपार बरी.